संगीत संस्थांच्या प्रवेश-चाचणीसाठी रचनांची निवड : आलापल्ली परिसराच्या संदर्भात एक विचार

गडचिरोली जिल्ह्याच्या अहेरी तालुक्यातील आलापल्ली हे गाव सागवानासाठी प्रसिद्ध आहे. येथील वनविभाग, लाकडाचे आगार आणि जुने वृक्ष जसेच्या तसे राखून ठेवलेले ‘वनवैभव’ यांची ख्याती दूरवर पोहोचलेली आहे. संगीताच्या संदर्भात मात्र या गावाचे नाव क्वचितच घेतले जाते. वास्तविक या परिसरात संगीताची वाण नाही. गोंड आणि माडिया वस्त्यांवर ढोलाच्या साथीने रात्र रात्र चालणारी रेला नृत्यगीते आहेत. सिरोंचाच्या बाजूने आलेली तेलुगू भजने आहेत. उत्तरेस वडसा म्हणजेच देसाईगंज हे झाडीपट्टी रंगभूमीचे केंद्र असून तेथील नाटकांतून पेटी, ऑर्गन आणि तबला यांचे सूर हिवाळाभर खेडोपाडी घुमत असतात. उणीव आहे ती या सुरांपासून संगीताच्या पद्धतशीर शिक्षणापर्यंत नेणाऱ्या वाटेची.

ही वाट मुळातच लांबची आहे. आलापल्लीहून जिल्ह्याचे ठिकाण शंभरावर किलोमीटर दूर, नागपूर अडीचशेहून अधिक. संगीत आणि ललित कलांसाठीच स्थापन झालेले सर्वांत जवळचे विद्यापीठ महाराष्ट्रात नसून छत्तीसगडमधील खैरागड येथे आहे. वडशाला गाडी पकडून गोंदियामार्गे डोंगरगड आणि तेथून पुन्हा रस्त्याने, असा तो प्रवास होतो. पुण्याचे ललित कला केंद्र तर त्याहून कितीतरी दूर. रात्रभर प्रवास करून गेलेल्या विद्यार्थ्याला परीक्षकांसमोर प्रत्यक्षात मिळतात ती पाच किंवा दहा मिनिटे. त्या मिनिटांत त्याने काय गावे किंवा काय वाजवावे, हे बहुधा त्याच्या गावच्या शिक्षकाने ठरविलेले असते. निवड चुकली तर चांगला गळा आणि चांगला हात असूनही विद्यार्थी परत येतो. आणि दुसऱ्या वर्षी पुन्हा तेवढा खर्च करण्याची ऐपत प्रत्येक घराची नसते. यास्तव रचनांच्या निवडीचा प्रश्न हा केवळ संगीततज्ज्ञांपुरता राहत नाही; आश्रमशाळेचे शिक्षक, विस्तार अधिकारी आणि पंचायतीचे सदस्य यांनीही तो समजून घेणे अगत्याचे आहे.

परीक्षा आणि निवड-चाचणी

या दोन गोष्टींची गल्लत नेहमी होते. पंडित विष्णु दिगंबर पलुसकर यांनी १९०१ साली लाहोर येथे गांधर्व महाविद्यालयाची स्थापना केली. त्यांच्या शिष्यपरंपरेने १९३१ साली अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ उभारले. या मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद आणि अलंकार या परीक्षा आज महाराष्ट्राच्या लहान लहान गावांतही दिल्या जातात. शास्त्रीय गायन, वादन आणि नृत्य यांत विहित परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्या विद्यार्थ्यांना दहावीच्या निकालात सवलतीचे गुण मिळू लागल्यापासून त्यांकडे पालकांचेही लक्ष वेधले गेले आहे. परीक्षेत विहित राग, विहित ताल आणि त्यांची शास्त्रीय माहिती विचारली जाते. अभ्यासक्रम आखलेला असल्याने निवडीचा प्रश्न विद्यार्थ्यापुढे फारसा येतच नाही.

निवड-चाचणीचा हेतू निराळा. विद्यार्थ्याला आज किती येते यापेक्षा त्याला पुढे किती शिकविता येईल, हे परीक्षक पाहत असतात. सूर पक्का आहे काय, लय सुटते काय, ऐकलेला स्वरसमूह लगेच उचलता येतो काय, याचा अंदाज जाणता परीक्षक पहिल्या दोन-तीन मिनिटांत घेतो. परीक्षेसाठी पाठ केलेले बारा राग येथे उपयोगी पडत नाहीत. दोन राग खरोखर आपलेसे झालेले असले तर ते पुरतात.

या पद्धतीला आपल्याकडे फार जुना इतिहास नाही. घराण्यांच्या काळात गुरूने शिष्याला ऐकून ठेवून घेणे किंवा परत पाठविणे एवढीच चाचणी असे. स्वातंत्र्यानंतर डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे १९५२ ते १९६२ या काळात केंद्रात माहिती व नभोवाणी मंत्री असताना आकाशवाणीने कलावंतांची स्वरचाचणी घेऊन त्यांना श्रेणी देण्यास आरंभ केला. त्या कामी पंडित श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांचा मोठा वाटा होता. मंडळासमोर बसून परीक्षा द्यावयाची, ही कल्पना अनेक मुरलेल्या कलावंतांना अपमानास्पद वाटली आणि त्यावरून बराच वाद झाला. आज मागे वळून पाहता दोन्ही बाजूंत तथ्य होते असे म्हणावे लागते. मैफलीत तासाभराने रंगणारा गवई दहा मिनिटांच्या चाचणीत फिका वाटू शकतो, हा आक्षेप खराच होता. दुसरीकडे, ज्याच्या मागे घराणे नाही, शिफारस नाही, अशा खेड्यातील होतकरू कलावंताला दार ठोठावण्याचा हक्क या पद्धतीने प्रथमच मिळाला. हेच रातंजनकर खैरागडच्या इंदिरा कला संगीत विश्वविद्यालयाचे कुलगुरू होते. हे विद्यापीठ १९५६ साली तेथील राजघराण्याने दिलेल्या वास्तूत सुरू झाले असून राजकन्या इंदिरा हिचे नाव त्यास देण्यात आले आहे. म्हणजे आलापल्लीच्या विद्यार्थ्याला जी दोन दारे तुलनेने जवळची, ती उघडण्यात एकाच मराठी पंडिताचा हात लागलेला आहे.

पियानोच्या जगातील शिस्त

रचनांच्या निवडीचे शास्त्र ज्यांनी सर्वांत काटेकोरपणे बांधले, ते पाश्चात्त्य पियानोवादक. मुंबईत आणि गोव्यात पियानो शिकणारी मुले अनेक पिढ्या लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या आणि १८८९ साली स्थापन झालेल्या असोसिएटेड बोर्डाच्या परीक्षा देत आली आहेत. असोसिएटेड बोर्डाच्या परीक्षेत अ, ब आणि क अशा तीन याद्या असतात. प्रत्येक यादीतून एकेक रचना निवडावयाची, शिवाय स्वरसप्तके, न पाहिलेली स्वरलिपी वाचून वाजविणे आणि कानाची परीक्षा हे भाग निराळे. युरोप-अमेरिकेतील मोठ्या संगीतशाळांच्या प्रवेश-चाचणीत मागणी साधारणतः अशी असते : बाखच्या, बहुधा १७२२ च्या प्रसिद्ध संग्रहातील, एखादा प्रेल्यूड व फ्यूग, हायडन, मोझार्ट किंवा बीथोवन यांचा एक सोनाटा, शोपँ किंवा त्या काळातील अन्य रचनाकाराची एखादी कृती, हाताची तयारी दाखविणारी एखादी एत्यूद, आणि विसाव्या शतकातील किंवा नंतरची एखादी रचना. सारे पाठ असावे लागते आणि परीक्षक कोणत्याही ठिकाणी थांबवून दुसरीकडून सुरू करावयास सांगू शकतात.

या मागणीमागील तर्क ध्यानात घेण्याजोगा आहे. बाखच्या रचनेत एकाच वेळी चालणारे तीन-चार स्वरप्रवाह वेगवेगळे ऐकू आले पाहिजेत, म्हणून तेथे बुद्धी व कान दिसतात. सोनाट्यात बांधणी आणि तोल दिसतो. शोपँमध्ये लयीशी थोडी सलगी करूनही ती न सोडण्याची कसोटी असते. एत्यूदमध्ये बोटे दिसतात. एकाच प्रकारच्या चार सुंदर रचना आणणारा विद्यार्थी स्वतःची एकच बाजू चार वेळा दाखवितो. तेथील अनुभवी शिक्षक आणखी एक नियम पाळतात : विद्यार्थ्याला जेमतेम झेपणारी भव्य रचना चाचणीला न्यावयाची नाही. त्याहून एक पायरी खालची, परंतु सहा महिन्यांपूर्वीच पूर्ण बसलेली आणि त्यानंतर लोकांसमोर वाजविलेली रचना न्यावयाची. बीथोवनचे बत्तीस सोनाटे आहेत आणि त्यांतील आरंभीचे काही नेटके वाजविणारा विद्यार्थी, शेवटचा सोनाटा कसाबसा पार करणाऱ्यापेक्षा परीक्षकांना अधिक आश्वासक वाटतो.

आलापल्लीत पियानो नाही म्हणून हा विचार तेथे गैरलागू ठरत नाही. वेगळेपण, पूर्ण बसलेली तयारी आणि कोठूनही सुरू करण्याची तत्परता या तीन गोष्टी आपल्या रागसंगीताला जशाच्या तशा लागू पडतात.

सोपा वाटणारा भूप

खेड्यातील बहुतेक विद्यार्थी चाचणीसाठी भूप घेऊन जातात. पाच स्वर, सरळ आरोह-अवरोह, प्रारंभी शिकविला जाणारा राग. शिक्षकालाही तो सुरक्षित वाटतो. प्रत्यक्षात भूप हा चाचणीसाठी अवघड रागांपैकी एक आहे. मध्यम आणि निषाद वर्ज्य असल्याने लपावयास जागाच उरत नाही. गांधार किंचित उतरला तरी कळतो. त्यातच देसकाराचे स्वर हेच. भूपात गांधार वादी आणि चाल पूर्वांगाची, तर देसकारात धैवत वादी आणि चाल उत्तरांगाची. घाबरलेला विद्यार्थी वरच्या षड्जाकडे धाव घेतो, धैवतावर रेंगाळतो आणि नकळत देसकार गाऊ लागतो. परीक्षकाने ‘हा कोणता राग?’ असे विचारले की उरलेला धीरही सुटतो. ज्याचा गांधार पक्का आणि मन शांत, त्याने भूप अवश्य घ्यावा. इतरांसाठी यमन, भीमपलास, बागेश्री किंवा वृंदावनी सारंग यांसारखे, चालीला वळण असलेले आणि ओळख चटकन पटविणारे राग अधिक उपकारक ठरतात.

तेलुगू भजनांत वाढलेल्या मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट शिक्षकांनी पाहावी. कर्नाटक संगीतातील मोहनम् म्हणजे स्वरांच्या दृष्टीने आपला भूप, हिंदोलम् म्हणजे मालकंस आणि कल्याणी म्हणजे यमन. या मुलांच्या कानात हे स्वर आधीच बसलेले असतात. मात्र गमकांची धाटणी दक्षिणेची असते. ती दोषास्पद नाही. पण हिंदुस्थानी पद्धतीच्या संस्थेत जावयाचे असल्यास तिच्यावर वर्षभर आधी काम करावे लागते. दोन राग निवडताना एक सकाळ-दुपारचा आणि एक सायंकाळ-रात्रीचा असा ठेवावा. चाचण्या बहुधा दिवसा होतात. वेळेचा नियम परीक्षक शिथिल करतात हे खरे, तथापि अकरा वाजता शुद्ध सारंग किंवा जौनपुरी निघाला तर ऐकणाऱ्याला बरे वाटते, आणि त्या बऱ्या वाटण्याचा लाभ गाणाऱ्याला मिळाल्यावाचून राहत नाही.

मिनिटांचा हिशेब

वेळेचे गणित कागदावर मांडून पाहिले असता पुष्कळ चुका आपोआप टळतात. विलंबित एकतालात मात्रा चार सेकंदांची धरली तर बारा मात्रांच्या एका आवर्तनास ४८ सेकंद लागतात. दहा मिनिटांत अशी बारा आवर्तने होतात. परीक्षकांनी चार मिनिटांत थांबविले तर अवघी पाच. त्यांतील एक-दोन बंदिशीच्या स्थायी-अंतऱ्यात जाणार. मग आलाप कोठे दाखवावयाचा आणि तान कोठे? याउलट मध्यलय त्रितालात मिनिटाला १२० मात्रा धरल्यास सोळा मात्रांचे आवर्तन आठ सेकंदांत पूर्ण होते. चार मिनिटांत तीस आवर्तने मिळतात आणि तेवढ्यात बंदिश, बढत, बोलअंग आणि तान यांचे ओझरते का होईना, दर्शन घडविता येते.

म्हणून लहान विद्यार्थ्याने मोठ्या ख्यालाचा हट्ट धरू नये. विलंबित गावयाचेच असेल तर लय थोडी चढी ठेवावी आणि पहिली समच अशी घ्यावी की ऐकणाऱ्याची मान हलावी. कोणत्याही क्षणी ‘पुरे, आता द्रुत’ अशी सूचना येऊ शकते. तिचा सराव घरी झालेला असावा. शिक्षकाने वर्गात मध्येच टाळी वाजवून थांबवावे आणि विद्यार्थ्याने त्याच श्वासात दुसरी बंदिश धरावी, असे महिनाभर केले तरी पुरेसे होते.

पेटी आणि ऑर्गन वाजविणारे

झाडीपट्टीच्या नाटकांमुळे या भागात पेटीवर हात बसलेली मुले आढळतात. त्यांच्यापुढील अडचण वेगळी आहे. हार्मोनियमला आकाशवाणीने १ मार्च १९४० पासून बंदी केली होती आणि ती साथीपुरती शिथिल होण्यास सत्तरचे दशक उजाडावे लागले. एका सुरावरून दुसऱ्या सुरावर अखंड घसरत जाणारी मींड या वाद्यात नाही, हा त्यामागील मुख्य आक्षेप. गोविंदराव टेंबे, पी. मधुकर, गोविंदराव पटवर्धन, आप्पा जळगावकर आणि तुळशीदास बोरकर यांनी आपल्या वादनाने त्या आक्षेपाला उत्तर दिले; बोरकरांना २०१६ साली पद्मश्री मिळाली. तरीही स्वतंत्र पेटीवादनाला प्रवेश आहे किंवा नाही, की केवळ साथीदार म्हणून, हे त्या त्या संस्थेच्या माहितीपत्रकातून आधी खात्री करून घेणे आवश्यक आहे.

पेटीसाठी राग निवडताना मींडेवर ज्यांचा सारा प्राण आहे असे राग, उदाहरणार्थ दरबारी कानडा, टाळावेत. बिहाग, खमाज, देस, जोग यांत पेटी मोकळेपणाने बोलते. नाट्यपद वाजवावयाचे तर ते शेवटी. गंधर्व नाटक मंडळीच्या काळापासून ऑर्गनवर नाट्यपद वाजविण्याची एक देखणी परंपरा मराठीत आहे आणि झाडीपट्टीने ती आपल्या परीने जिवंत ठेवली आहे. परंतु रंगमंचावर पात्राच्या गायनाला धरून भरणा करण्याची सवय लागलेली मुले एकटी वाजविताना गोंधळतात. पोकळी दिसली की सुरांचा मारा करतात. त्यांनी चाचणीपूर्वी काही महिने तरी एका वेळी एकच पट्टी दाबून आलाप करण्याचा सराव ठेवावा.

शिवाय परकी पेटी. पियानोवादकाला आपला पियानो कधीच बरोबर नेता येत नाही. तो परक्या वाद्याची सवय लहानपणापासून करतो. आपल्याकडे पेटी नेता येते, पण एसटीच्या टपावरून नेलेली पेटी उतरताना कोणत्या अवस्थेत असेल हे सांगता येत नाही. संस्थेतील पेटी खर्ज-नर सुरांची, जड पट्टीची किंवा निराळ्या भात्याची असू शकते. वर्षभरात निदान तीन-चार वेगवेगळ्या पेट्यांवर हात टाकलेला असावा. शाळेची, भजनी मंडळाची, नाटक कंपनीची, मिळेल ती.

पट्टी आणि फुटणारा आवाज

गाणाऱ्यांच्या बाबतीत पट्टीची चूक रागाच्या चुकीहून महाग पडते. भजनात सर्वांबरोबर गाताना मुलगा जी पट्टी धरतो ती त्याची नसतेच, ती मंडळातील सर्वांत दणकट गळ्याची असते. झाडीपट्टीची सवय असलेला गळा उघड्या मैदानासाठी तापलेला असतो; बंद खोलीत चार परीक्षकांसमोर तोच आवाज कर्कश वाटतो. मंद्र पंचमापासून तार मध्यमापर्यंत जेथे विनासायास जाता येते ती पट्टी ठरवावी आणि अर्जातच ती लिहावी, म्हणजे साथीदाराला तबला लावता येतो.

मुलांचा आवाज साधारणतः तेरा ते पंधरा या वयात फुटतो. केंद्र शासनाच्या सांस्कृतिक स्रोत व प्रशिक्षण केंद्रातर्फे १९८२ पासून चालविल्या जाणाऱ्या सांस्कृतिक प्रतिभा शोध शिष्यवृत्तीसाठी दहा ते चौदा हीच वयोमर्यादा राहिली आहे. अर्जाच्या वेळी काळी चारमध्ये सहज गाणारा मुलगा मुलाखतीपर्यंत दोन-तीन सूर खाली आलेला असतो आणि शिक्षक मात्र जुन्याच पट्टीत रेटत राहतात. हा केवळ निवडीचा प्रश्न नाही. त्या वयात गळा ताणला तर कायमची इजा होऊ शकते. अशा मुलाला वर्षभर कमी उंचीच्या, मध्य सप्तकात रमणाऱ्या बंदिशी द्याव्यात. प्रसंगी चाचणी एक वर्ष पुढे ढकलणे श्रेयस्कर.

रेला गीत न्यावे काय?

हा प्रश्न येथील शिक्षक वारंवार विचारतात आणि त्याचे उत्तर संस्थेवर अवलंबून आहे. वर उल्लेखिलेल्या शिष्यवृत्तीत पारंपरिक कला जोपासणाऱ्या कुटुंबांतील मुलांचा स्वतंत्र विचार केला जातो. खैरागडला लोकसंगीताचा स्वतंत्र विभाग आहे आणि मुंबई विद्यापीठात लोककला अकादमी आहे. तेथे गोंडी किंवा माडिया गीत हीच विद्यार्थ्याची खरी पुंजी ठरते. ख्यालाच्या चाचणीत मात्र ते मुख्य रचना म्हणून नेऊ नये. परीक्षकांनी ‘आणखी काही येते काय?’ असे विचारल्यास आनंदाने म्हणावे.

अडचण अशी की रेला हे मुळात एकट्याचे गाणे नाही. एका रांगेने टाकलेली ओळ दुसरी रांग उचलते, पावलांची लय आणि ढोल त्यात मिसळलेले असतात. एकटा मुलगा ते खोलीत उभा राहून म्हणू लागला की निम्मे गाणे गळून पडते. शक्य असल्यास भावंड किंवा सोबती घेऊन दोघांनी म्हणावे. ते शक्य नसेल तर पावलांची लय सोडू नये. शाळेच्या स्नेहसंमेलनात करतात तसे पेटीचे सूर खाली भरून त्याला ‘सुधारण्याचा’ मोह शिक्षकांनी कटाक्षाने टाळावा. पुष्कळदा ही गीते पेटीच्या पट्ट्यांत नेमकी बसत नाहीत. बसविली की त्यांचा स्वभाव जातो. शब्दही मराठीत आणू नयेत. हे गीत कोणत्या प्रसंगी, कोणत्या ऋतूत, कोणी म्हणावयाचे, एवढे दोन वाक्यांत सांगण्याची तयारी मुलाने ठेवावी. ही माहिती घरातील आजीकडून मिळते, पुस्तकातून नव्हे.

पूर्वतयारीचे वेळापत्रक

चाचण्या उन्हाळ्यात असतील तर रचना आदल्या पावसाळ्यात ठरल्या पाहिजेत. शाळा उघडताच शिक्षकाने विद्यार्थ्याची यादी लिहून काढावी : येणारे राग, त्यांतील बंदिशी, ताल, पट्टी. दिवाळीपर्यंत त्यांतील दोन मुख्य आणि एक राखीव अशा तीन वगळता बाकीच्या बाजूला ठेवाव्यात. त्यानंतर नवे काही शिकवू नये. अर्जात मात्र जे खरोखर येते तेवढेच लिहावे. यादी लांबविण्यासाठी लिहिलेला राग परीक्षक नेमका विचारतात, हा सर्वत्र येणारा अनुभव आहे.

तबल्याची सोबत नसलेल्या गावी विद्युत तबला आणि तानपुरा यांवर भागवावे लागते. भ्रमणध्वनीवरही ते मिळू लागल्याने खर्चाची अडचण बरीच कमी झाली आहे. तथापि यंत्र विद्यार्थ्यासाठी थांबत नाही आणि त्याच्याबरोबर पुढेही जात नाही. त्यामुळे निवडलेल्या रचना महिन्यातून एकदा तरी जिवंत तबलजीबरोबर म्हणून पाहाव्यात. अहेरी किंवा वडशाचा एखादा नाटकातील तबलजी यासाठी येण्यास तयार असतो, त्याच्या प्रवासखर्चाची सोय तेवढी करावी लागते. ग्रामपंचायतीने ती उचलल्यास आणि सभागृह तासभर मोकळे करून दिल्यास, चाचणीला जाणाऱ्या मुलाला निदान दोनदा अनोळखी माणसांसमोर बसण्याची संधी मिळेल. त्या वेळी पहिल्या दोन रांगांत नातेवाईक बसवू नयेत.